तक्रारीत लिहिले गेले ‘खेळताना वाद’: सीमाभागातील पोलीस अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव व सीमाभागातील पोलीस अधिकारी, सायबर ठाण्यांचे प्रमुख आणि राज्याच्या गृहखात्यात धोरण ठरवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र याआधी दोन वेळा बंद पाकिटातून पाठवून झाले आहे. एकदा हातोहात दिले, एकदा रजिस्टर पोस्टाने पाठवले. उत्तर आले नाही. ज्या मुलीसाठी ते लिहिले होते, तिच्या बाबतीत आता थांबण्याइतका वेळ हाती राहिलेला नाही, म्हणून तेच म्हणणे आज सर्वांसमोर मांडत आहे.

मी बेळगावातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ही मुलगी माझ्या बहिणीची, वय वर्षे 15. तिचे नाव, शाळा किंवा गल्ली मी लिहिणार नाही आणि त्याच कारणाने या पत्राखाली माझे नावही नाही. पीडित मुलाची ओळख, त्याच्या कुटुंबाच्या तपशिलासह, प्रसारमाध्यमांतून उघड होऊ नये असे पॉक्सो कायद्याचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम 23 सांगते, आणि ते आम्ही पाळत आहोत. आमचा अर्ज आपल्या खात्याच्या एका ठाण्यात पडून आहे. तो शोधून काढणे आपल्याला अवघड नाही.

घडले ते असे. तिचा मोठा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीला येताना त्याने आपला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आभासी जगात नेणारे यंत्र, घरी आणला आणि परत जाताना बहिणीसाठी ठेवून गेला. पहिले काही दिवस ती त्यात माणसाचे हृदय आतून पाहत असे. एका रविवारी तिने मला मुद्दाम बोलावून घेतले, हेडसेट माझ्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “मावशी, झडप मिटताना बघ, फळ्यावर काढतेस तशी नाही दिसत.” वीस वर्षे मी हृदयाची आकृती फळ्यावर काढत आले आहे. झडप मिटताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुढे ती मैत्रिणीबरोबर एका अशा आभासी जगात जाऊ लागली, जिथे माणसे आपापला अवतार, म्हणजे संगणकाने उभी केलेली आकृती, घेऊन वावरतात आणि स्वतःच्या आवाजात एकमेकांशी बोलतात. मैत्रीण चंदगड तालुक्यातली. तिच्याकडे हेडसेट नाही, ती मोबाईलवरून त्याच जगात येत असे. एके संध्याकाळी तिथे चार अवतार या दोघींजवळ आले. त्यांतल्या एकाने मराठीत विचारले, “कुठली गं तू?” तिने उत्तर दिले नाही, पण मैत्रिणीशी ती बोलत होती ते त्यांनी ऐकले होते. “बोलण्यावरून बेळगावची दिसतीस,” असे म्हणून त्या चौघांनी तिला एका कोपऱ्यात घेरले. त्यांचे हात तिच्या अवताराच्या छातीवर आणि मांड्यांवर फिरू लागले, त्यांनी अंगाला अंग भिडवून हालचाली सुरू केल्या, आणि तिच्या दोन्ही कानांत, अगदी जवळून, जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. अवताराला कोणी हात लावला की तिच्या हातांतले कंट्रोलर थरथरत होते. शेवटी एकजण म्हणाला, “उद्या बोगारवेसात गाठतो तुला.” बोगारवेस हा आमच्या बेळगावातला चौक.

बहिणीच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटात मुलीची हाक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली नाही. ती मागे सरकत सरकत लोखंडी कपाटावर आदळली, कपाटाच्या मुठीवर तिचे कोपर आपटले. बहीण चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा मुलगी दोन्ही हात छातीवर आवळून जमिनीवर बसली होती. हेडसेट पलंगाखाली फेकलेला होता, चालूच होता, आणि त्यातून अजून माणसांचे आवाज येत होते.

लगेच का काढला नाहीस, असे तिला सगळ्यांनी विचारले. आईने, भावाने, मी, आणि पुढे ठाण्यातही. तिचे उत्तर मी जसेच्या तसे लिहिते: “मला वाटलं, काढला तर ते मला दिसायचे बंद होतील, आणि मग पाठीमागून येतील.”

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या एका प्रश्नाची, जो आम्हाला ठाण्यात तीन वेळा विचारला गेला: “अंगाला हात लागला काय?” पहिल्यांदा मुलीने मान खाली घातली. दुसऱ्यांदा बहीण म्हणाली, “तसा नाही, साहेब.” तिसऱ्यांदा तिच्या कोपरावरचा काळानिळा डाग दाखवला, तेव्हा “हे तर कपाट लागलेलं” असे उत्तर मिळाले. त्या अधिकाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर असे प्रकरण पहिल्यांदाच आले असावे. पण या प्रश्नावरच पुढचे सारे ठरले, म्हणून त्याचे उत्तर मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून देते.

1998 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, त्याच्या नजरेसमोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्ही हातांवरून एकाच वेळी, सारख्याच तऱ्हेने, कुंचला फिरवायचा. थोड्या वेळात अनेकांना तो रबरी हात स्वतःचाच वाटू लागतो. डोळ्यांना जे दिसते आणि त्वचेला जे जाणवते त्यांचा मेळ बसला की “हे माझे शरीर” असा निवाडा मेंदू देऊन टाकतो, आणि तो आपल्याला विचारून देत नाही. हेडसेट नेमके हेच करतो. मान वळवली की जग वळते, हात उचलला की समोरचा हात उचलला जातो, आवाज ज्या बाजूने यायला हवा त्याच बाजूने येतो. माझ्या भाचीला ज्या कारणाने हृदयाची झडप खरी वाटली, त्याच कारणाने ते हातही खरे वाटले. मोबाईलच्या पडद्यावर घाणेरडा मजकूर वाचणे हा त्रास आहेच, पण खोलीच्या कोपऱ्यात चौघांनी घेरणे ही निराळी गोष्ट आहे, आणि त्या संध्याकाळी तिचे शरीर त्या कोपऱ्यात होते.

शिवाय कायद्याला तरी तो प्रश्न हवा आहे का? बलात्काराचे कलम लावा असे आम्ही म्हटलेले नाही. ते इथे लागू होत नाही हे आम्हाला समजते. पण पॉक्सो कायद्याचे कलम 11 पाहावे. मुलाला ऐकू जावेत वा दिसावेत म्हणून लैंगिक हेतूने शब्द उच्चारणे, आवाज काढणे, हावभाव करणे हा त्या कलमानुसार लैंगिक छळ आहे आणि त्यासाठी कलम 12 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 79 स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द आणि हावभाव यांच्यासाठीच आहे. यांतल्या एकाही कलमात अंगाला हात लागण्याची अट नाही. जो प्रश्न कायदा विचारत नाही, तो एका 15 वर्षांच्या मुलीला तीनदा विचारला गेला.

हे सगळे नवीन आहे, अजून कुठे काही ठरलेले नाही, असेही आम्हाला ऐकवले गेले. केवळ अक्षरांनी उभ्या केलेल्या एका ऑनलाइन जगात एका वापरकर्त्याने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार लादले आणि त्यावर जाहीर चर्चा झाली, ते वर्ष होते 1993. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, एका मुलाला मारहाण करून त्याच्याकडून ऑनलाइन खेळातला ताईत आणि मुखवटा हिसकावून घेतल्याच्या खटल्यात, आभासी वस्तूचीही चोरी होऊ शकते असा निकाल दिला. मेटा कंपनीच्या आभासी जगात डिसेंबर 2021 मध्ये एका महिलेने तिच्या अवताराशी लगट झाल्याची तक्रार केली, आणि दोन महिन्यांत कंपनीने दोन अवतारांमध्ये सुमारे 4 फुटांचे अंतर राखणारी सोय आणली. जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनमध्ये 16 वर्षांखालील मुलीच्या अवतारावर अनेकांनी मिळून केलेल्या हल्ल्याचा तपास पोलीस करत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथले त्या वेळचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी हे खरे नाही म्हणून झटकून टाकू नये, अशीच भूमिका घेतली. आणि इंटरपोलने पोलिसांसाठी स्वतःचे मेटाव्हर्स, म्हणजे असेच एक आभासी जग, जाहीर केले ते ऑक्टोबर 2022 मध्ये, आपल्याच देशात, नवी दिल्लीत भरलेल्या महासभेत. देशातले पहिले सायबर ठाणे म्हणून ज्याची नोंद आहे ते 2001 मध्ये आपल्याच राज्यात, बेंगळूरला, सुरू झाले. ज्या राज्याच्या पोलिसांनी या कामाची वाट पाडली, त्यांच्याच एका ठाण्यात “हे नवीन आहे” हे उत्तर आम्हाला स्वीकारता येत नाही.

दुसरी तक्रार भाषेची आहे, आणि मला सर्वांत जास्त लागलेली तीच आहे.

मुलीने जे घडले ते मराठीत सांगितले. एका महिला कॉन्स्टेबलनी तिला पाणी दिले, शेजारी बसवून घेतले आणि घाई न करता सारे ऐकून घेतले. त्यांचे मी या पत्रातून मनापासून आभार मानते. पण तक्रार कन्नडमध्येच हवी असे सांगण्यात आले, म्हणून बहिणीने बाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून ती कन्नडमध्ये करून घेतली. त्याला व्हीआर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, अवतार म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, आणि लेकीवर काय गुदरले ते रस्त्याकडेच्या टेबलावर परक्या पुरुषाला सविस्तर सांगायला बहिणीची जीभ रेटली नाही. त्याने त्याला समजले तसे लिहिले. बहिणीला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. तिने सही केली.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. मला कन्नड वाचता येते. त्या अर्जात लिहिले होते की, मोबाईलवर गेम खेळताना मुलीचा अनोळखी मुलांशी वाद झाला व त्यांनी तिला शिवीगाळ केली. घेरले नाही, हात नाहीत, बोगारवेसाची धमकी नाही. मुलीचे वय 15 आहे हेसुद्धा नाही. जो अर्ज वाचून आपल्या अधिकाऱ्यांनी “यात काय गुन्हा आहे” असे म्हटले, त्या अर्जात खरोखरच गुन्हा उरला नव्हता. तो भाषांतरात गळून पडला होता.

कन्नडशी आमचे वैर नाही. माझ्या वर्गात कन्नड मातृभाषेची मुले आहेत, आमच्या घराच्या दोन्ही शेजाऱ्यांची भाषा कन्नड आहे. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, तो तिथेच राहो. मी बोलते आहे ते ठाण्याच्या टेबलाविषयी. राज्यघटनेचे कलम 350 कोणत्याही माणसाला आपले गाऱ्हाणे देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क देते. पॉक्सो कायदा त्याहून पुढे जातो. मुलाची खबर मुलाला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी आणि नोंद मुलाला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर पात्र दुभाषी द्यावा, असे कलम 19 म्हणते. तो दुभाषी देणे हे ठाण्याचे काम आहे. आईने पैसे मोजून रस्त्यावर तो शोधायचा नाही. आणि जिथे हल्लेखोरांची ओळख पटण्याची एकमेव खूण म्हणजे त्यांच्या बोलण्याचा हेल आहे, तिथे मराठी कळणारा तपास अधिकारी हीच तपासाची पहिली गरज आहे. मैत्रिणीने त्या वेळी मोबाईलवर केलेल्या रेकॉर्डिंगमधला एकजण आमच्याच भागातला आहे, हे मी दोन वाक्ये ऐकून सांगू शकते. बेंगळूरला बसून ते कोणाला सांगता येणार नाही, आणि कंपनीच्या परदेशातल्या तक्रार कक्षाला तर नाहीच नाही.

तिसरी तक्रार हद्दीची. सामान बांधून तयार राहावे तशी कागदपत्रांची पिशवी घेऊन बहीण फिरली. स्थानिक ठाणे म्हणाले, सायबर ठाण्यात जा. तिथे सांगितले, साक्षीदार मुलगी महाराष्ट्रात आहे, तिच्या बाजूला तक्रार द्या. चंदगडकडे विचारले तर उत्तर आले, पीडित मुलगी कर्नाटकात आहे, तिकडेच द्या. शिनोळी ओलांडली की राज्य बदलते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या सोयरिकी, बाजार, शेते दोन्हीकडे आहेत आणि त्या हद्दीचा जाच आम्ही रेशनकार्डापासून दाखल्यापर्यंत सोसला आहे. पण ज्या खोलीत हे घडले ती खोली ना बेळगावात होती ना चंदगडात. तिला सीमा नव्हती. म्हणूनच तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यावी असे सांगितले आहे, ज्याला आपण सगळे झिरो एफआयआर म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 78 इन्स्पेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याला तपासाचा अधिकार देते, म्हणजे स्थानिक ठाण्यालाही तो आहे. आणि कंपनी परदेशी असल्याचे कारण असेल, तर भारतातल्या संगणकाशी संबंध असलेला गुन्हा देशाबाहेरून झाला तरी त्याच कायद्याचे कलम 75 त्याला लागू होते. हद्दीचा प्रश्न कायद्याने सोडवून ठेवलेला असताना आमची फरपट झाली.

चौथी तक्रार पुराव्याची आहे. मैत्रिणीने घाबरलेल्या अवस्थेतही मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केले होते. ते 1 मिनिट 48 सेकंदांचे आहे. त्यात चौघांची युजरनेम दिसतात, आवाज ऐकू येतात, तारीख आणि वेळ दिसते. ते ठाण्यात दाखवले तेव्हा “तुमच्याकडेच ठेवा, लागलं तर मागू” असे सांगण्यात आले. मोबाईल जप्त झाला नाही, त्याची प्रत घेतली गेली नाही, फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारे हॅश मूल्य काढले गेले नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राविषयी कोणी शब्दही काढला नाही. उद्या न्यायालयात, हे रेकॉर्डिंग तुम्हीच बनवले, असा बचाव झाला तर त्याला उत्तर काय?

या जगातला पुरावा फार लवकर नाहीसा होतो. काही मंचांवर हेडसेट शेवटच्या काही मिनिटांचेच चित्रण स्वतःजवळ ठेवतो आणि कोणी त्याच वेळी तक्रारीचे बटण दाबले नाही तर ते पुसले जाते. घाबरलेल्या मुलीने हेडसेट फेकून दिला, तिला बटण कुठले सुचणार? त्या चारांपैकी एकाचे खाते दुसऱ्याच दिवशी बंद झाले. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीने 180 दिवस जपून ठेवायची असते, आणि अधिकृत तपास यंत्रणेने लेखी मागणी केल्यास ती 72 तासांच्या आत द्यायची असते. म्हणजे आपल्या एका पत्राचे काम होते. ते पत्र अजून गेलेले नाही.

पाचवी आणि शेवटची तक्रार त्या सल्ल्याची, जो आम्हाला प्रत्येक टेबलावर मिळाला: मुलींच्या हातात असल्या वस्तू देऊ नका. आम्ही तो ऐकलाही. हेडसेट त्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आहे. मुलगी आता बोगारवेसावरून जाणारी बस घेत नाही, दोन थांबे आधी उतरून चालत जाते. वर्गात मागून कोणी हाक मारली की दचकते. कोणत्याही अनोळखी मुलाचा आवाज ऐकला की ती माझ्याकडे बघते, कारण त्या चौघांचे चेहरे तिने पाहिलेले नाहीत, फक्त आवाज ऐकले आहेत. ते चौघे मात्र आपापले हेडसेट लावून रोज कुठल्या ना कुठल्या जगात जात असतील. माझ्या वर्गातल्या एका दहावीच्या मुलाचे, तीन वर्षे जपलेले खेळातले खाते कोणी पासवर्ड चोरून बळकावले, तेव्हा त्याचे वडील ठाण्याची पायरीसुद्धा चढले नाहीत. “उलट पोरालाच बोलतील” असे म्हणाले. ही भावना घराघरात आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही, कारण जे तक्रार करत नाहीत त्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, कारण या पत्राचा उलटा अर्थ काढला जाऊ नये. आभासी जगांतल्या प्रत्येक खोलीत पोलिसांनी कान लावून बसावे, प्रत्येकाचे बोलणे नोंदवावे, अशी मागणी मी करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाला 2015 मध्ये रद्द करावे लागले, कारण कोणाला काय खुपले यावर माणसे तुरुंगात जात होती. तसला अधिकार पुन्हा कोणाला मिळू नये. मुलांना त्या जगात मोकळेपणाने वावरता यावे, शिकता यावे, हीच माझी इच्छा आहे. रस्त्यावर जसे आपण प्रत्येक माणसामागे फिरत नाही, पण कोणी हाक मारली तर धावून जाता, तेवढेच इथेही हवे आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या प्रकरणात पॉक्सो आणि न्याय संहितेच्या योग्य कलमांखाली गुन्हा आजच नोंदवावा. मुलाची खबर न नोंदवणे हाच पॉक्सोच्या कलम 21 खाली गुन्हा ठरतो, याची नम्रपणे आठवण करून देते. मुलीचा जबाब तिच्या घरी, गणवेशात नसलेल्या महिला अधिकाऱ्यांनी, मराठीत घ्यावा. कलम 24 मध्ये याची तरतूद आहे आणि ती आम्ही मागायच्या आधीच मिळायला हवी होती. आधीचा कन्नड अर्ज तसाच ठेवून, त्यासोबत तिचा मूळ मराठी जबाब जोडावा. संबंधित कंपनीला चारही खात्यांची माहिती, लॉगिनच्या नोंदी आणि आयपी पत्ते जपून ठेवण्याचे पत्र तात्काळ पाठवावे. मैत्रिणीचा मोबाईल आणि भाचीचा हेडसेट रीतसर पंचनामा करून ताब्यात घ्यावा व आम्हाला पोच द्यावी. हेडसेट परत मिळायला किती महिने लागतील याची आम्हाला फिकीर नाही.

आमच्या प्रकरणापलीकडे, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि जिथे जिथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे त्या भागांतल्या ठाण्यांत मराठी लिहिता-वाचता येणारा किमान एक अधिकारी किंवा नेमलेला दुभाषी असावा, आणि त्याचे नाव ठाण्याच्या फलकावर कन्नड व मराठीत लावावे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या 15 ते 20 टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने 1956 मध्येच सुचवले आहे, तेव्हा मागणी नवी नाही. ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांनी एकदा तरी स्वतः हेडसेट डोळ्यांवर लावून पाहावा. आपल्याकडे नसेल तर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून तो मागून घेता येईल. दहा मिनिटे पुरतील, आणि “अंगाला हात लागला काय” हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. कोल्हापूर आणि बेळगावच्या सायबर अधिकाऱ्यांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक तरी जवळ ठेवावेत, म्हणजे हद्दीवरच्या मुलीला दोन राज्यांत फिरावे लागणार नाही. आणि अशी तक्रार आली की पहिल्या दिवशी काय करायचे, कोणता पुरावा कसा घ्यायचा, कंपनीला काय लिहायचे, याचा एक पानी आदेश कन्नड आणि मराठीत काढून प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावावा. त्याचा मराठी मसुदा करायला हात लागणार असतील, तर मी आणि माझे सहकारी शिक्षक रविवारी येऊन बसू.

त्या चौघांतले बंद झालेले खाते ज्या दिवशी बंद झाले, त्या दिवसापासून आज 131 वा दिवस आहे. कंपनीवर ती माहिती जपण्याचे बंधन आणखी 49 दिवस आहे. युजरनेम, तारीख, वेळ आणि त्या आभासी खोलीचे नाव या पत्राच्या बंद प्रतीसोबत, तिसऱ्यांदा, आपल्या कार्यालयात आज सकाळी दिले आहे.

आपली विश्वासू,
मुलीची मावशी
बेळगाव